चिरंजीव परदेशी धाडण्याचा शास्त्रोक्त विधी

नाशिक हे विधींचे क्षेत्र. कालसर्पापासून नारायण नागबळीपर्यंत सगळ्याची सोय त्र्यंबकपर्यंतच्या तीस किलोमीटरांत होते. अधिकारी कोण, सामग्री काय, दक्षिणा किती, हे आधी ठरलेले असते, म्हणून यजमान निर्धास्त असतो. मुलाला परदेशी शिकायला पाठवण्याचेही आता सगळे ठरून गेले आहे, फक्त त्याची पोथी कुणी लिहिली नव्हती. ती उणीव इथे भरून काढतो.

संकल्प यजमानाने सोडावा. इथे यजमान म्हणजे वडील. आईलाही विचारावे, पण बॅगेत काय भरायचे एवढेच. मुलाला काय शिकायचे आहे हा अवांतर प्रश्न या टप्प्यावर काढू नये, त्याने मुहूर्त टळतो. मुहूर्त पंचांगात सापडत नाही. गंगापूर रोडला राहणाऱ्या साडूंचा मुलगा टेक्सासला पोचल्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडला की त्याच आठवड्यात शुभ वेळ आहे असे समजावे.

देश निवडताना अभ्यासक्रम पाहू नये, नातेवाईक पाहावेत. मध्यंतरी सगळ्यांचा कल कॅनडाकडे होता. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, नोव्हेंबरात झटपट परवान्याची खिडकीही बंद केली, आणि कॉलेज रोडवरच्या पाट्यांवर कॅनडाच्या पानाजागी जर्मनीचा झेंडा आला. जर्मनीत सरकारी विद्यापीठे बहुतेक ठिकाणी फी घेत नाहीत, हे ऐकून वडील प्रसन्न होतात. मग कळते की वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी तिथल्या गोठवलेल्या खात्यात भरायचे आणि मुलाने त्यातले महिन्याला ९९२ काढायचे. आपलेच पैसे आपल्यालाच हप्त्याने देणारी ही व्यवस्था पाहून पतपेढीच्या संचालक मंडळावर हयात घालवलेल्या माणसालाही भरून येते.

सामग्रीत पहिला मान पासपोर्टचा. त्याची कोरी पुस्तिका आपल्याच नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. देशातला कुठलाही माणूस परदेशी निघाला की त्याच्या खिशात थोडे नाशिकरोड असते. ही माहिती कन्सल्टंटच्या ऑफिसात बसल्याबसल्या आवर्जून सांगावी. फीमध्ये सवलत मिळत नाही, पण नंबर येईपर्यंत वेळ बरा जातो.

त्यानंतर स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे आपण का शिकणार आहोत याचा निबंध. मुलाला ते ठाऊक नसते आणि वडिलांना सांगता येण्यासारखे नसते, म्हणून तो कन्सल्टंट लिहितो. त्यात मुलाने लहानपणी घरचा मिक्सर उघडून पाहिलेला असतो. एका हंगामात एकट्या कॉलेज रोडवरून इतके मिक्सर उघडले जातात की शहरात चटणी वाटणे अवघड व्हावे. शिफारसपत्रासाठी सरांकडे जावे. सर म्हणतील, “तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.” स्वतःची स्तुती स्वतः लिहून दुसऱ्याच्या सहीने वापरण्याचे हे शिक्षण परदेशात पैसे मोजूनही मिळत नाही, तेव्हा ते इथेच नीट घ्यावे.

आता दक्षिणा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाइताचा जामीन चालतो आणि त्यापुढे मालमत्ता लागते. परदेशाचा आकडा साडेसात लाखांत बसत नाही, त्यामुळे इंदिरानगरचा फ्लॅट नाहीतर दिंडोरीकडची द्राक्षबाग बँकेच्या दप्तरात जाते. बाग असेल तर यजमानाला निर्यातीचा अनुभव आहेच. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याची निर्यात बंद होती तेव्हा दार आपल्या बाजूने लागले होते, मुलाच्या बाबतीत ते पलीकडून लागते, एवढाच फरक.

तारणाचा विषय निघालाच आहे तर एका चुकीच्या उदाहरणापासून सावध करणे भाग आहे. त्र्यंबकचे धुंडिराज गोविंद फाळके यांनी विमा पॉलिसी तारण ठेवली आणि १९१२ च्या सुरुवातीला लंडन गाठले. तिथे दोनेक आठवडे राहिले, सेसिल हेपवर्थ यांच्याकडे चित्रपट कसा होतो ते पाहिले, विल्यमसन कॅमेऱ्याची व्यवस्था केली आणि सरळ परत आले. पदवी नाही, दीक्षान्त समारंभात काळ्या झग्यात फोटो नाही, तिथे नोकरी नाही. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला हे खरे, पण आजचा कुठला कन्सल्टंट असली फाइल हातात घेईल? आपल्याला काय शिकायचे आहे हे निघण्याआधीच ठाऊक असलेला विद्यार्थी हा या विधीतला सर्वांत मोठा दोष मानावा.

देश अमेरिका ठरला असेल, तर विधीचा खरा कस लागतो मुंबईला, बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीपाशी. तिथल्या कायद्यातले २१४ (ब) हे कलम असे धरून चालते की समोरचा माणूस कायमचा राहायलाच निघाला आहे, तसे नाही हे त्यानेच पटवून द्यायचे. म्हणून मुलाकडून घोकून घ्यावे: शिक्षण झाले की मी भारतात परत येणार, आईवडील इथे आहेत, घर आहे, बाग आहे. (गहाण आहे हे बोलू नये.) हा सराव दारे-खिडक्या लावून करावा. शेजारच्या काकूंनी ऐकले की मुलगा परत येणार आहे, तर मुलीकडच्यांची येणारी पत्रे थांबतात. खिडकीवर साहेबाला पटायला हवे की हा येणार, आणि घरी सगळ्यांना पटलेले हवे की हा येणार नाही. दोन्हींकडे एकाच तोंडाने बोलता येणे ही या शिक्षणाची प्रवेश परीक्षा आहे. बाकी आयईएल्टीएस, जीआरई वगैरे किरकोळ.

बॅगा दोन, प्रत्येकी तेवीस किलोच्या. कुकर, गोडा मसाला, नाशिकचा चिवडा. पुस्तक एखादे, जागा उरल्यास.

तिकडे पोचल्यावर मुलगा आठवड्याला वीस तास कँटीनमध्ये ताटे विसळतो. इकडे सांगताना “युनिव्हर्सिटीतच लागलाय” म्हणावे, ते खोटेही नाही. पदवीनंतर बारा महिने, आणि विषय विज्ञान-तंत्रज्ञानाचा असला तर आणखी चोवीस महिने काम करता येते. पुढे एच-१बी व्हिसाची लॉटरी. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले तेव्हा नाशिकच्या कित्येक दिवाणखान्यांत टीव्हीचा आवाज मोठा आणि बाकीचे आवाज बंद होते. कर्जाचा हप्ता मात्र अभ्यासक्रम संपून वर्ष झाले की सुरू होतो, त्याला लॉटरी नाही.

आणि मग कधीतरी मुलगा परत येतो. या प्रसंगाची तयारी कुणीच करत नाही, म्हणून इथे थोडे विस्ताराने. शास्त्राधार आहे आणि तो नाशिकचाच आहे. मोहनदास गांधी १८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाले तेव्हा त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले, आणि जो मदत करील किंवा निरोप द्यायला बंदरावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठोठावला. १८९१ मध्ये ते परतले, तेव्हा थोरल्या भावाने त्यांना आधी नाशिकला आणून गोदावरीत स्नान घातले आणि मग राजकोटला ज्ञातिभोजन दिले. गांधींना हे रुचले नव्हते, पण भावाच्या प्रेमापुढे ते बोलले नाहीत. आत्मकथेत तसे लिहूनच ठेवले आहे.

त्या काळी प्रायश्चित्त जाण्याचे होते, आता ते परत येण्याचे आहे. जाताना सव्वा रुपया कुणी मागत नाही, उलट विमानतळापर्यंत दोन इनोव्हा भरून माणसे येतात. परतल्यावर मात्र लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येकजण विचारतो, “किती दिवस आहेस?” उत्तर पंधरवड्यापलीकडे गेले की ज्ञाती जमू लागते. अशा वेळी रामकुंडावर जाण्याची गरज नाही. आईला रक्तदाबाचा त्रास सुरू झाल्याचे जाहीर करावे, म्हणजे मुलगा श्रावणबाळ ठरतो. ज्ञातिभोजन म्हणून नातेवाइकांना एका रविवारी मिसळीला न्यावे, बिल मुलाने कार्डाने द्यावे. रात्री दोन-तीनपर्यंत त्याच्या खोलीतला दिवा चालू ठेवावा, म्हणजे अमेरिकेच्या वेळेत काम करतो असे खालच्या मजल्यापर्यंत आपोआप पोचते. विजेचे बिल वाढेल. तेही कर्जाच्या हप्त्याशेजारी लिहून ठेवावे.