अर्ध्या इंचाचा भाचा

माझा भाचा मिनेसोटात राहतो आणि पाण्यावरून घसरतो. पुढे मोटारबोट, तिला दोर, दोराच्या टोकाला हा, आणि ह्याच्या दोन्ही पायांखाली मिळून एकच फळी. दोन पायांना दोन फळ्या घेऊन घसरणं हे तिकडे शिकाऊ लोकांचं काम. एकाच फळीवर एकामागे एक पाय रोवून नागमोडी घसरू लागलं की त्याला स्लॅलम म्हणतात, आणि मग तो माणूस घरात दुसरं काही बोलत नाही. मी आईला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘बोटीत जागा नोती का गा याच्यासाठी?’’

या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात अजून कोणालाही सापडलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात हा आजोळी आला. चंद्रपूरला जुलैत येणारा पाहुणा शहाणा समजतात, कारण मे महिन्यात इथे पारा ४७-४८ अंशांवर जातो आणि पाहुण्याला टेबलफॅनसमोरून उठवणं हेच एक काम होऊन बसतं. ह्याची बॅग उघडली. वरच्या थरात आमच्यासाठी चॉकलेटं, आणि खाली तळापर्यंत बूट. फळी विमानात आणणं परवडेना, म्हणून फळीवर पाय अडकवायचे तेवढे बूट आणले होते. तिकडे त्यांना बाइंडिंग म्हणतात. एका प्रकारात पुढच्या पायाला मऊ रबरी बूट आणि मागच्या पायाला नुसता पंजा सरकवायचा पट्टा. दुसऱ्या प्रकारात दोन्ही पायांना टणक, पूर्ण बूट. दोन्ही नवेकोरे. त्यातला एक प्रकार मुदतीत दुकानाला परत करायचा होता, आणि कोणता ते आजोळी ठरवायचं होतं. अमेरिकेतले निर्णय चंद्रपुरात घ्यायची आमच्याकडे रीतच आहे. ताईच्या तिकडच्या स्वयंपाकघरातल्या टाइल्सही आईनं इथून व्हिडिओ कॉलवर पसंत केल्या आहेत.

बुटांचा एवढा बाऊ कशाला, असं मलाही वाटलं. मग त्यानं कागदावर खेळ काढून दाखवला. पाण्यात २५९ मीटर लांबीची वाट. बोट मधोमध सरळ जाणार, पुरुषांच्या स्पर्धेत ताशी ५८ किलोमीटरपर्यंत वेगानं. तिच्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर तीन गोळे इकडे, तीन तिकडे. घसरणाऱ्यानं सहाही गोळ्यांना बाहेरून वळसा घालायचा. सगळा खेळ सोळा सेकंदांचा. जमलं की शाबासकी म्हणून दोर कापतात. सुरुवातीला सव्वाअठरा मीटर असलेला दोर दर फेरीला आखूड करत नेतात. शेवटी गोळा साडेअकरा मीटरवर आणि दोर सव्वादहा मीटरचा, अशी वेळ येते. उरलेलं अंतर स्वतःचं अंग ताणून भरून काढायचं. आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पगाराचं असंच होतं, पण त्याला कोणी पदक देत नाही.

तर या सोळा सेकंदांत पाय फळीवर कुठे आहे, यावर सगळं ठरतं. बूट एका पत्र्यावर बसवलेला असतो, पत्र्याला भोकांची रांग असते, आणि स्क्रू काढून बूट थोडा पुढे-मागे सरकवता येतो. फळीच्या शेपटीपासून पुढच्या बुटाच्या टाचेपर्यंत टेप लावून माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं. बूट पुढे नेला तर फळीचं नाक पाण्यात बसतं, वळण झटकन मिळतं, पण फार बसलं तर मालक तोंडघशी. मागे नेला तर नाक वर उठतं, फळी सुटी पळते आणि वळायचं नाव घेत नाही. हा सगळा फरक किती अंतराचा? अर्ध्या इंचाचा. माणसाच्या आयुष्यात अर्ध्या इंचाला एवढी किंमत फक्त शिंप्याकडे आणि भावकीतल्या धुऱ्यावर असते, असं मी समजत होतो.

पहिला प्रश्न आला तो बूट पायात जाण्याचा. हे बूट कोरड्या पायांनी घालताच येत नाहीत. ते मुद्दाम तंग घेतात. रबर पाण्यात सैलावतं आणि वळणावर टाच केसभर जरी उचलली तरी फळीला निरोप उशिरा पोचतो. म्हणून भांड्यांचा पातळ साबण पाण्यात मिसळून बुटात आणि पायावर फवारायचा आणि पाय आत ढकलायचा. हा प्रयोग आमच्या हॉलमध्ये सकाळ-संध्याकाळ होऊ लागला. सौभाग्यवतीची साबणाची बाटली दुधाच्या वेगानं संपायला लागली. फरशीवर साबण सांडला होता त्या दिवशी आमच्या घरातला पहिला खरा स्लॅलम दूधवाल्यानं केला. त्याला कोणतंही बाइंडिंग नव्हतं आणि किटलीही सांडली नाही. भाच्यानं टाळ्या वाजवल्या.

टणक बुटांच्या आतलं अस्तर गरम करून पायाच्या आकाराचं करून घ्यायचं असतं. तिकडे ओव्हन वापरतात. भाचा मे महिन्यात आला असता तर गच्चीवर भागलं असतं.

मग पुढे कोणता पाय ठेवायचा, यावर चर्चा. याची परीक्षा सोपी आहे : माणूस बेसावध उभा असताना मागून हलकेच ढकलायचं, तो स्वतःला सावरायला जो पाय पुढे टाकेल तो पुढचा. भाच्यानं चार दिवसांत घरातल्या सगळ्यांना ढकललं. मी उजवा निघालो, सौभाग्यवती डावी निघाली. शेजारचे निवृत्त हेडमास्तर पेपर वाचत उभे होते. ते कोणताच पाय पुढे न टाकता जागेवर फिरले आणि ‘‘काय पाहिजे?’’ म्हणाले. अशांना स्लॅलम जमत नाही म्हणे. स्वतः भाचा डावा. हे ऐकून आईनं वाती वळायच्या थांबवल्या. ‘‘घरात येताना उजवा पाय पुढं ठेवतेत. पाण्यात जाताना डावा? पडशील नाही तं काय करशील!’’ त्यावर त्यानं आजीला जगातले निम्मे-अधिक लोक डावा पाय पुढे ठेवून घसरतात, असं काहीतरी सांगून पाहिलं. आई म्हणाली, ‘‘म्हणूनच दोर पकडा लागते त्याईले.’’

जटपुरा गेटजवळ एक जोडे शिवणारे काका बसतात. माझा घरच्यांपेक्षा त्यांच्यावर विश्वास आहे, म्हणून दोन्ही बूट पिशवीत घालून आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी रबरी बूट हातात घेतला, उलटा केला, तळ नाही हे पाहिलं आणि भाच्याकडे सहानुभूतीनं बघितलं. मग त्याला तो घालायला लावला आणि टाचेमागे दोन बोटं घातली. ‘‘उठून रायली टाच. एक नंबर लहान घ्या लागत होता बाबू.’’ मिनेसोटातल्या दुकानात यंत्रावर पाय मोजून दिलेला बूट होता तो. नंतर काकांनी टणक बूट पाहिला. बराच वेळ त्यांनी फक्त नाडी ओढून पाहिली. ‘‘घट्ट तं लय आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण पडल्यावर निघते का?’’

तीन आठवडे भाचा जे मला सांगू पाहत होता, ते काकांनी दोन बोटांत विचारलं. बाइंडिंगनं दोन उलटी कामं करायची असतात : पाय गच्च धरायचा आणि बरोब्बर वेळेला सोडायचा. धरणारा बूट बनवणं सोपं, सोडणाराही सोपा; माझ्या साऱ्या चपला दुसऱ्या जातीतल्या. दोन्ही कामं एकाच बुटानं करायची म्हणजे अवघड. त्यातही सगळ्यात वाईट म्हणजे एक पाय सुटतो आणि दुसरा फळीत राहतो. मग अंग एकीकडे, फळी दुसरीकडे आणि घोटा मध्ये. पट्टेवाल्यांचं म्हणणं, मागचा पाय मोकळा असलेला बरा. दोन बुटांवाल्यांचं म्हणणं, राहिले तर दोन्ही राहावेत, सुटले तर दोन्ही सुटावेत. या दोन पक्षांचं तिकडे पटत नाही. आमच्याकडे एवढ्या मुद्द्यावर एक सहकारी संस्था फुटली असती.

आता पाणी. बूट आहेत, फळी करून घेऊ सुताराकडून, असं भाच्याच्या डोक्यात आलं आणि तो जिल्ह्याचा नकाशा घेऊन बसला. रामाळा तलाव शहरातच, पण त्यावर जलपर्णीचा हक्क जुना आहे. इरई धरणाचं पाणी वीज केंद्राला आणि आमच्या नळाला येतं, त्यात साबण लावलेले पाय घालायला आईनं मनाई केली. ताडोब्याचा तलाव देखणा, काठावर तारूचं देऊळ, पण आत मगरी; सहा गोळ्यांपैकी कोणता गोळा आपण होऊन जागा बदलेल याचा भरवसा नाही. नागभीडजवळचा घोडाझरी त्याला पसंत पडला. तिथली बोट मात्र ताशी ५८ सोडा, आठाच्या वर जायला तयार नव्हती. गडचिरोलीकडे पाण्याला वेग आहे, पण पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा रस्ताच बंद होतो. मी त्याला मामा तलाव सुचवले. ते माझे नाहीत, जुन्या मालगुजारांचे, हे सांगण्यात एक संध्याकाळ गेली. आणि त्यांत ढिवरांची जाळी असतात. त्यात अडकलेला माणूस किलोच्या भावानं जातो.

त्याच सुमारास त्यानं आईला या खेळाचा उगम सांगितला. त्याच्याच मिनेसोटात लेक पेपिन नावाच्या तळ्यावर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या पोरानं १९२२ साली हा उद्योग सुरू केला. आधी पिंपाच्या फळ्या पायांना बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की, आणि शेवटी पाइनच्या दोन फळ्या घेऊन त्यांची टोकं आईच्या कपडे उकळायच्या भांड्यात शिजवून वर वळवली. पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. २ जुलैला, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, अंग मागे टाकून आणि फळ्यांची नाकं वर धरून तो पाण्यावर उभा राहिला. बोट त्याचा भाऊ चालवत होता. गोष्ट आईला आवडली. तिनं एवढंच विचारलं, ‘‘त्या बाईचं भांडं खराब झालं असंल ना?’’

धानाच्या रोवण्याचे दिवस होते, म्हणून रविवारी आम्ही सिंदेवाहीकडच्या शेतावर गेलो. शेत बटईनं करणारे भाऊ बांधीत चिखलणी उरकून फळी फिरवत होते. ट्रॅक्टर आला तरी कोपऱ्याकापऱ्यांत ते अजून बैलजोडीच घालतात. बांधीत पोटरीभर पाणी, त्याखाली लोण्यासारखा चिखल, बैलांच्या मागे दोर, दोराला आडवी फळी, आणि फळीवर वजन म्हणून भाऊ उभे. भाचा धुऱ्यावर थिजला. बोट, दोर, फळी, माणूस, सगळं तिथे होतं. त्यानं मला दंडाला धरून हलवलं आणि पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली.

‘‘काका, मी उभा राहू?’’

‘‘राह्य ना.’’

‘‘पाय कशात अडकवायचे?’’

भाऊंना प्रश्न कळेना. मी समजावून दिला. ते हसले. ‘‘बैल बांधले हायेत ना बाबू. पाय कायले बांधाचे?’’

आधी त्यांनी एक फेरी करून दाखवली, आणि त्या फेरीत भाच्याचं शिक्षण झालं. भाऊ फळीवर एका जागी उभेच राहत नव्हते. उंचवटा आला की वीतभर पुढे सरकायचे. फळीची कड चिखलात शिरायची आणि माती ओढत न्यायची. खोलगट भाग आला की टाचांवर मागे जायचे. फळी माती सोडून वरून निघून जायची. ‘‘पुढं सरलं का खाते, मांगं सरलं का पळते,’’ एवढी त्यांची वही. टेप नाही, स्क्रू नाही. भाच्यानं अर्ध्या इंचासाठी पूर्ण उन्हाळा घातला होता आणि हा माणूस बैलांशी बोलता बोलता दर दहा पावलांना बाइंडिंग बदलत होता. त्या बांधीत एचएमटी लागणार होता, आमच्याच जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या नजरेनं हेरून वाढवलेलं आणि मनगटी घड्याळाचं नाव दिलेलं वाण. आमच्याकडे अचूकपणा असा डोळ्यात असतो. टेप सापडेपर्यंत पाऊस उघडतो.

मग भाचा चढला. डावा पाय पुढे, गुडघे वाकलेले, अंग मागे, दोर्‍या मुठीत, थेट सॅम्युएलसन. बैलांचा वेग ताशी तीन किलोमीटर असेल, पण चेहऱ्यावर ५८चा भाव होता. सरळ वाटेवर झकास गेला. ‘‘खाते! पळते!’’ असं ओरडत पुढे-मागे सरकत होता. शेजारच्या बांधीत पऱ्हे लावणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. धुऱ्याशी बैल वळले. बैलांना सहा गोळे ठाऊक नव्हते, त्यांना घर ठाऊक होतं. फळी बाहेर फेकली गेली आणि भाचा मागच्या मागे चिखलात बसला, छातीपर्यंत.

मी धावलो. तो आनंदात होता. ‘‘मामा, दोन्ही पाय एकदम सुटले! एकही अडकला नाही!’’ आणि तिथेच, अमेरिकेच्या हिशोबानं मध्यरात्री, दोन बुटांच्या पक्षाचा निकाल लागला. रबरी बूट परत जाणार, टणक ठेवायचे, टाच अर्धा इंच मागे. भाऊंनी निकालात लक्ष घातलं नाही. ते चिखलात पडलेला खळगा पाहत होते. तिथं पुन्हा फळी फिरवावी लागणार होती. बायांनी पाहुण्याकडे चहापाण्याचे पैसे मागितले. त्याच्या खिशात डॉलर, तेही ओले, म्हणून ते मी दिले.

आता दर रविवारी त्याचा फोन येतो. टणक बूट चांगले चालले आहेत, पाय धरतात, सोडतात, दोर आखूड होत चालला आहे. या सगळ्यात आईला रस नाही. फोन हातात आला की ती आधी विचारते, ‘‘पुढं कोणता पाय ठेवून रायला?’’

‘‘उजवा, आजी,’’ तो म्हणतो.