आपली पसंती नोंदवली आहे

संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘प्रदेश’ नावाचं एक दालन असतं. तारीख कशी दिसावी, घड्याळ बारा तासांचं की चोवीस तासांचं, आठवडा रविवारी सुरू व्हावा की सोमवारी, हे सगळं तिथे अदबीने विचारलं जातं. आपण ‘भारत’ निवडतो, आधी दिवस मग महिना असं ठरवतो, लगेच खाली नमुनाही दिसतो. मग एखादं सॉफ्टवेअर उघडावं तर ते ०८/०५ असं दाखवून ऑगस्टची पाच तारीख सांगत असतं. अशा सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडणारे पुष्कळ आहेत. त्याच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं.

मुळात हे आळशाचं काम नव्हे. वापरणाऱ्याच्या पसंतीप्रमाणे तारीख मांडून देण्याची सोय विंडोजमध्ये, अँड्रॉइडमध्ये, आयफोनमध्ये तयारच असते. युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या भांडारात तर जगभरच्या भाषा-प्रदेशांच्या तारखांच्या रीती भरून ठेवल्या आहेत; त्यात मराठीही आहे, देवनागरी अंकांसकट. प्रोग्रामरने फक्त मागायचं. तसं न करता तो स्वतःच्या हाताने महिना, तिरकी रेघ, दिवस, तिरकी रेघ, वर्ष असा साचा घडवतो. आयतं मिळणारं नाकारून कष्टाने चूक कमवायला निष्ठा लागते.

शिवाय त्यामागे तर्क आहे. आपण संगणकाची भाषा इंग्रजी ठेवलेली असते आणि ज्याला इंग्रजी वाचता येतं तो अमेरिकेतल्या ओहायोत राहतो. सांगलीत बसून कुणी इंग्रजी मेनू वाचत असेल, ही निव्वळ अंधश्रद्धा. खुद्द इंग्लंडात दिवस आधी लिहितात म्हणे. असतील काही विक्षिप्त लोक.

टीकाकार म्हणतात, यामुळे घोटाळे होतात. पण किती? दिवस आणि महिना दोन्ही बारापर्यंतचे, अशा तारखा वर्षात १४४. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा उलटल्या तरी तशाच राहतात. उरल्या १३२. म्हणजे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस सॉफ्टवेअर आपल्याला काहीही त्रास देत नाही.

आणि त्या १३२ दिवसांत जे मिळतं ते पाहावं. बँकेच्या खातेउताऱ्याची सीएसव्ही फाइल अमेरिकी रीतीने चालणाऱ्या एक्सेलमध्ये उघडा. तेरा तारखेपासून पुढच्या नोंदी त्याला कळत नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. तो त्यांना मजकूर समजून डावीकडे सारतो. एक ते बारा तारखेच्या नोंदी मात्र दिवस-महिन्याची अदलाबदल करून उजवीकडे शिस्तीत उभ्या करतो. बरोबर राहिलेल्या तारखा संशयित, बिघडलेल्या अधिकृत. पगार, घरभाडं, कर्जाचा हप्ता हे बहुतेकांचं महिन्याच्या सुरुवातीलाच उरकतं, त्यामुळे या संस्काराचा लाभ नेमका महत्त्वाच्या नोंदींना होतो. किरकोळ भाजीपाला महिनाअखेरीस निर्वेध पडून राहतो.

या निष्ठेपुढे विज्ञानही नमलं आहे. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा नावांची मानवी जनुकं होती. संशोधकांनी ती तक्त्यात लिहिली की एक्सेल त्यांची १ मार्च आणि १ सप्टेंबर करून टाकी. वर्षानुवर्षं शोधनिबंधांच्या जोडतक्त्यांत जनुकांच्या जागी तारखा छापल्या गेल्या. अखेर २०२०मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नमतं घेतलं आणि जनुकांचीच नावं बदलली: ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’. मायक्रोसॉफ्टने २०२३मध्ये हे रूपांतर बंद करण्याची सोय दिली, तेव्हा मात्र हळहळ वाटली. जिंकलेली लढाई अशी सोडायची नसते.

वेळेचंही तसंच. रेल्वेच्या सवयीने आपण चोवीस तासांचं घड्याळ निवडतो. तिकिटाचं अ‍ॅप त्यावर आपुलकीने एएम-पीएम चढवतं. मग शुक्रवार, १२:१० एएमच्या बससाठी माणूस शुक्रवारी रात्री जेवूनखाऊन थांब्यावर पोचतो. अजिबात गर्दी नसते. बस गुरुवारच्या रात्रीच गेलेली असते.

काही अ‍ॅप तर आता तारखेच्या भानगडीतच पडत नाहीत, ‘काही काळापूर्वी’ एवढंच सांगतात. वकिलांनी या पद्धतीचा जरूर विचार करावा.

पण खरी कसोटी जन्मतारखेच्या रकान्यात. २५ डिसेंबरला जन्मलेल्याने २५/१२ लिहिलं की लाल अक्षरांत ‘अवैध’ असा शेरा येतो आणि त्याची सुटका होते. ५ ऑगस्टला जन्मलेल्याला कुणी हटकत नाही. त्याचे ०५/०८ गोडीने स्वीकारले जातात आणि दरवर्षी ८ मे रोजी केकच्या चित्रासह शुभेच्छा येतात, सोबत दहा टक्के सूट. पुढे कधीतरी आधार कार्डाशी मेळ बसेना म्हणून खातं अडकलं की तो मदत कक्षाला लिहितो. तिथून नम्र उत्तर येतं: ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व. कृपया आपल्या संगणकाचा प्रदेश अमेरिका असा करून पाहा.’ आणि खरंच, तसं केलं की सेटिंग आणि सॉफ्टवेअर यांचं एकदम जमतं.