आवाज कऱ्हाडला, चित्र कोल्हापूरला

श्टुटगार्ट, रविवार

ती. बाबा व सौ. आई यांस,
मंजूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

थंडी सुरू झाली आहे. आज रविवार, त्यामुळे दुकानं बंद, आणि भिंतीला ड्रिल लावणं, रिकाम्या बाटल्या कुंडीत टाकणं असल्या आवाजाच्या सगळ्या कामांना बंदी. पत्र लिहिताना आवाज होत नाही, म्हणून बसले.

बाबा, तुमचं म्हणणं असं की व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं वर सरकून जातं आणि हवं तेव्हा सापडत नाही, तेव्हा काय ते कागदावर क्रमवार लिहून पाठव. त्याप्रमाणे लिहिते आहे. फक्त लाल शाईने चुका दाखवून पत्र परत पाठवू नका. टपाल महाग झालं आहे.

तर तक्रार पहिली, चिंटूच्या पोहण्याच्या व्हिडिओची. त्याला इथला पोहण्याचा पहिला बिल्ला मिळाला. त्यासाठी काठावरून उडी मारून २५ मीटर पोहावं लागतं आणि खांद्याइतक्या पाण्यात तळाशी टाकलेली वस्तू वर काढून आणावी लागते. मी हौसेने मूळ फाइल पाठवली. तुम्ही ती उतरवून घेतलीत, चष्मा पुसलात, आईला हाक मारलीत, आणि फोनवर नुसता काळा पडदा. वर पाण्याची धपधप, पोरांची किंकाळी आणि माझा ‘अरे, वर ये, वर ये!’ असा आवाज. आईने देव पाण्यात घातले, हे मला वहिनीकडून कळलं. आई, ते पोरगं सुखरूप वर आलं होतं, आणि हातात वस्तूही होती. फक्त तुमच्या फोनला ते दिसलं नाही.

ह्यात फोनचा दोष नाही, नि दुकानदार म्हणतो तशी मेमरीही भरलेली नाही. आईच्या फडताळातले डबे आठवा. डब्यावर चिठ्ठी ‘रवा’, आत निघते साबुदाण्याची पिशवी. व्हिडिओचंही तसंच. नावापुढे एमपी४, एमओव्ही किंवा एमकेव्ही असं जे लागलेलं असतं, ती नुसती डब्यावरची चिठ्ठी. आत चित्र वेगळं भरलेलं असतं, आवाज वेगळा, आणि दोन्ही दाबून भरायच्या पद्धतीही वेगवेगळ्या. तुमच्या फोनने डबा उघडला, त्यातला आवाज ओळखला, चित्र मात्र ओळखलं नाही.

का नाही ओळखलं? तर माझा आयफोन चित्र एच.२६५ नावाच्या पद्धतीने भरतो. ही पद्धत २०१३ सालची. आधीची एच.२६४ ही २००३ सालची. नवी पद्धत तेच चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते, म्हणून २०१७पासून आयफोनने तिचाच हट्ट धरला. तुमचा फोन जुन्या वळणाचा. त्याला एच.२६४ पाठ आहे, पुढचं शिकवलेलं नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत, पण तुमच्या आणि माझ्या फोनचं अजून बोलणं नाही.

उपाय मी केला आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडलं की फोन मुकाट्याने जुन्या पद्धतीने भरतो. जागा दुप्पट खातो, पण आईच्या जिवाला घोर राहत नाही.

दुसरी तक्रार कोल्हापूरच्या मामांची. आत्याच्या लग्नाची डीव्हीडी त्यांनी पुतण्याकडून फोनवर उतरवून घेतली. चित्र स्वच्छ, आवाज शून्य. भटजी ओठ हलवताहेत, सनईवाला गाल फुगवतोय, आणि सगळं गपचूप. त्या डीव्हीडीत आवाज डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीने भरलेला आहे. परवान्याच्या भानगडीमुळे फोनवरच्या बऱ्याच फुकट अ‍ॅपांनी ती पद्धत गाळून टाकली. म्हणजे तुमच्याकडे आवाज, मामांकडे चित्र. दोघांनी शेजारी बसून पाहिलंत तर एक व्हिडिओ पूर्ण होईल, असं तुमचे जावई म्हणाले. मी त्यांना गप्प बसवलं, पण मामांचा निरोप आला की कल्पना वाईट नाही, येताना भडंग आणतो.

तेवढा प्रवास करायची गरज नाही. दोघांनीही व्हीएलसी नावाचं अ‍ॅप घ्या. रस्ता उकरल्यावर ठेवतात तो केशरी-पांढरा शंकू, हीच त्याची खूण. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये त्याची सुरुवात केली. ते फुकट आहे आणि जाहिरातही दाखवत नाही. बहुतेक सगळ्या पद्धती त्याला येतात. जड व्हिडिओ असला तर फोन तापेल आणि बॅटरी भराभर उतरेल, तेव्हा चार्जर जवळ ठेवा.

आता मुख्य विषय, आत्याच्या १९९२च्या लग्नाची मूळ कॅसेट. गेल्या वेळी येताना तुम्ही ती चिवड्याच्या पिशवीत घालून आणलीत. प्रश्न होता चालवायची कशावर. व्हीसीआर आता कोणी बनवत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं आणि विषय संपला. पण इथल्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या जर्मन काकांकडे चालू स्थितीतला व्हीसीआर मिळाला. त्यांनी विचारलं, भारतातली कॅसेट ह्यावर चालेल का? चालेल, कारण दोन्हीकडे तेव्हाची टीव्हीची पद्धत एकच, पाल. मुळात ती शोधलीच इथल्या वॉल्टर ब्रुख ह्यांनी, टेलिफंकेन कंपनीत असताना, आणि १९८२मध्ये आपल्याकडे रंगीत टीव्ही आला तो हीच पद्धत घेऊन. सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत वेगळीच पद्धत, सेकंदाला जवळपास ३०. म्हणून तर न्यू जर्सीच्या काकांना तेव्हा पाठवलेल्या कॅसेटवर लग्नाऐवजी नुसत्या आडव्या पट्ट्या दिसल्या, आणि मुद्दाम खराब कॅसेट पाठवली म्हणून ते बरेच दिवस रुसले होते. बाबा, आता त्यांना खुलासा कळवायला हरकत नाही.

कॅसेट संगणकात घ्यायला व्हीसीआर आणि लॅपटॉप ह्यांच्यामध्ये एक छोटं यंत्र लावावं लागतं. गोम अशी की ह्या कामाला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीनच तास घेते. त्यामुळे आम्ही सगळं लग्न बसून पाहिलं. सीमांतपूजन, रुसलेले व्याही, पंगतीत ‘आग्रह नको’ म्हणत पाचवी जिलबी घेणारे गृहस्थ (नाव लिहीत नाही, पत्र आई वाचणार आहे). त्या व्हिडिओवाल्याने आत्या आणि तिच्या यजमानांना आधी गुलाबाच्या फुलात बसवलं, मग बदामात, आणि शेवटी दोघांना गरगर फिरवत ताजमहालावर उतरवलं. चिंटूने विचारलं, आत्याआजी तिकडे विमानाने गेली का? मी हो म्हटलं.

आता ह्या लग्नाच्या ज्या नकला घराण्यात फिरताहेत, त्यांची वंशावळ सांगते. मूळ कॅसेटवरून मिरजेच्या एका स्टुडिओने व्हीसीडी केल्या. व्हीसीडीचं चित्र केवळ ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, आणि एका चकतीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं. म्हणून लग्नाचे तीन तुकडे झाले. मंगलाष्टकं पहिल्या चकतीत आणि शेवटचं ‘सावधान’ दुसरीत. व्हीसीडीवरून कोणी डीव्हीडी केली, डीव्हीडीवरून कोणी फोनसाठी एमपी४ केलं, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळ्यांना गेलं. दर वेळी लहान करताना संगणक ‘हे कोणाच्या लक्षात येणार नाही’ असं ठरवून थोडा तपशील कायमचा टाकून देतो. पुढचा संगणक उरलेल्यातून आणखी टाकतो. तुमच्या फोनवर आहे ती पाचवी पिढी. तिच्यात आत्याचं नाक नाही, शालूची जर नाही, आणि आजोबा कोणते हे फेट्यावरून ओळखावं लागतं.

शिवाय मधल्या कोणीतरी चौकोनी चित्र ताणून आजच्या लांबट पडद्याएवढं केलं. जुन्या टीव्हीचं चित्र चारास तीन, आताचा पडदा सोळास नऊ. ताणलं की सगळं वऱ्हाड रुंदीला वाढतं. आत्याने मला फोन करून अर्धा तास सांगितलं की तेव्हा ती अशी नव्हती. आत्या, मूळ कॅसेटमध्ये तू खरोखरच तशी नाहीस, आणि मी केलेल्या प्रतीतही नाहीस. तेव्हा बाबा, चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या का, असं विचारू नका. त्या पट्ट्यांमुळेच घरात शांतता आहे.

मी मूळ कॅसेटवरून थेट फोनसाठी प्रत केली ती हँडब्रेक ह्या फुकट प्रोग्रॅमने. त्याच्या खुणेत अननस आहे आणि शेजारी पेला आहे. पेल्यात काय आहे ते आईला सांगू नका. त्यात ‘फास्ट ५७६पी२५’ अशी तयार मांडणी मिळते, ती आपल्या पाल कॅसेटींसाठी बरोबर. दर्जाचा आकडा जुन्या चित्राला १८ ते २२मध्ये ठेवतात. आकडा जितका कमी तितका दर्जा चांगला, म्हणजे हा गुण देण्याचा प्रकार तुम्हाला मास्तर म्हणून अजिबात पटणार नाही. ‘डीइंटरलेस’ही चालू ठेवावं लागतं. जुन्या टीव्हीत चित्राच्या एकाआड एक ओळी आळीपाळीने येत, त्यामुळे फोनवर अक्षता टाकणाऱ्या प्रत्येक हाताची कड दातेरी दिसते. ह्या सोयीने ती सरळ होते. आवाज एएसी पद्धतीत भरला, म्हणजे मामांची सनईही वाजेल.

भाच्याने ह्यावर कडी केली. त्याने एका संकेतस्थळावर लग्नाचा तुकडा चढवून कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तो ‘फोर-के’ करून घेतला. चित्र लखलखीत झालं खरं, पण आजीच्या तोंडात पांढरीशुभ्र बत्तीशी आली. कॅमेऱ्याने जे टिपलंच नव्हतं, ते यंत्राने अंदाजाने भरलं. आजी बोळक्या तोंडाने हसायची, आणि आम्हाला तीच हवी आहे. शिवाय घरचं लग्न कुठल्या अनोळखी संगणकावर जाऊन पडलं, देव जाणे. त्याला माझा निरोप द्या की असले उद्योग करायचेच तर स्वतःच्या लॅपटॉपवर कर.

तुम्ही विकत घेतलेल्या जुन्या मराठी सिनेमांच्या डीव्हीडीही फोनवर घालून मागितल्यात. ते मात्र माझ्याच्याने होणार नाही. त्या चकत्यांना नकलेविरुद्ध कुलूप असतं, आणि स्वतःपुरती प्रत करायलासुद्धा ते तोडणं जर्मनीच्या कायद्यात बसत नाही. इथे लोक मध्यरात्री, रिकाम्या रस्त्यावर, एकही गाडी नसताना लाल दिव्याला थांबतात. अशा देशात राहून मी कुलूप तोडू म्हणता? सिनेमे तुम्ही टीव्हीवरच पाहा.

आता कामाचं. लग्नाची नवी फाइल तुमच्या फोनवर यायची ती अशी. सेकंदाला एक मेगाबिट धरलं तर तासाला सुमारे ४५० एमबी होतात, म्हणजे तीन तासांचं लग्न दीड जीबीच्या आत. व्हॉट्सअ‍ॅपवर मी ती व्हिडिओ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवीन. तसं दोन जीबीपर्यंत जातं आणि व्हॉट्सअ‍ॅप त्याला हात लावत नाही. वायफाय असतानाच उतरवून घ्या. पुढे कोणाला द्यायची तर तुम्हीही डॉक्युमेंट म्हणूनच द्या, नाहीतर आणखी एक पिढी जन्माला येईल आणि आत्याचा फोन पुन्हा मलाच येईल.

आईला वेगळं सांगणं नको. चिंटूचा नमस्कार. जावयांचाही नमस्कार. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
मंजू

ता. क. दिवाळीची साफसफाई सुरू होण्याआधी हे पत्र पोचेल असं वाटतं. आई, माळ्यावर अजून दादाच्या मुंजीची आणि आजोबांच्या साठीशांतीची कॅसेट आहे. त्यांच्या चकत्या झाल्या आहेत म्हणून कॅसेटी भंगारात घालू नकोस. पावसाळ्याच्या ओलीने त्यांना बुरशी धरते, तेव्हा शेवटपर्यंत गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, कपाटात कोरड्या जागी ठेव. फोन दर चार-पाच वर्षांनी बदलणार आणि दर वेळी नवी प्रत करावी लागणार. ती मूळ कॅसेटवरूनच करायची आहे.