डब्यातला मॉल

शिकागोजवळच्या हार्वी गावातला डिक्सी स्क्वेअर मॉल 1966 मध्ये उघडला आणि 1978 मध्ये बंद पडला. धंदा बारा वर्षं, पडीकपणा तेहतीसच्या वर. हातखंडा कशात होता ते उघड आहे.

1979 मध्ये तिथे हॉलिवूडवाले आले. ओस दुकानांना काचा बसवल्या, फळ्यांवर नवा माल मांडला आणि मग पोलिसांच्या गाड्या त्याच काचांमधून आरपार घातल्या. ‘द ब्लूज ब्रदर्स’ हा तो चित्रपट 1980 मध्ये झळकला. इतकी वर्दळ मॉलने चालू असताना तरी पाहिली होती का, कोण जाणे!

अशा पडक्या मॉलवर कुणी हौशी पदरमोड करून माहितीपट काढायला घेतो. गळकं छत, गंजलेला सरकता जिना, फरशी फोडून उगवलेलं झुडूप, सगळं प्रेमाने टिपतो. मग संकलन रखडतं, संगीताच्या हक्कांना पैसे उरत नाहीत, वितरक फोन उचलत नाही. ‘लवकरच’ची पाटी तेवढी लटकत राहते. विषयाशी इतकं एकनिष्ठ कोण राहतं हो?

डिक्सी स्क्वेअर 2012 मध्ये पाडला. गाड्या घुसलेला मॉल मात्र पडद्यावर अजून पाहायला मिळतो.