विकतचे रोही

परदेशात जनावरं बघायला जायचं ठरलं की आधी माणसालाच टोचतात. केनियाला जायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते, तीही निघण्याच्या किमान दहा दिवस आधी आणि सरकारने नेमून दिलेल्या केंद्रावरच. लस टोचली की एक पिवळं पुस्तक हातात देतात. गंमत अशी की ते पुस्तक खरं तर परत येताना आपल्याच सरकारला दाखवायचं असतं. नसलं तर तुम्हाला घरी न सोडता वेगळं काढून ठेवतात. गुरांना लस दिली की त्यांच्या कानात पिवळा बिल्ला मारतात, माणसांना पिवळं पुस्तक देतात. कानापर्यंत गोष्ट गेली नाही, एवढाच काय तो मनुष्यजन्माचा फायदा.

मी लस टोचून केनियाला निघालो, ही बातमी आमच्या हिमायतनगरात पसरायला वेळ लागला नाही. परमेश्वराच्या देवळासमोर भेटणारा प्रत्येक जण आधी माझ्या दंडाकडे बघायचा आणि मग विचारायचा, "गुर्जी, तिकडं बघायला हाय तरी काय?" मी मोबाइलमधला फोटो पुढे करायचो. पिवळ्या गवतात काळपट करड्या रंगाची, दाढीवाली, वाकड्या शिंगांची हजारो जनावरं. वाइल्डबीस्ट त्यांचं नाव. समोरचा दोन बोटांनी फोटो मोठा करायचा, मान तिरपी करून न्याहाळायचा आणि निकाल द्यायचा, "हे तर रोही हायत."

प्राणिशास्त्राच्या परीक्षेत हे उत्तर चुकलं असतं, पण शेतकऱ्याच्या नजरेत त्याला पैकीच्या पैकी गुण आहेत. रोही म्हणजे नीलगाय, हरिणांच्या भाऊबंदांतलं आशियातलं सगळ्यांत मोठं जनावर. बघितला तर वाटतं, देवाने घोडा करायला घेतला आणि मधेच त्याला गाय आठवली. पैनगंगेच्या काठची रानं आणि आमची वावरं यांच्यामध्ये रोह्याला कुठलीच सीमा दिसत नाही. सोयाबीन उगवलं की शेंडे, हरभरा आला की घाटे, तूर असेल तर उभ्या उभ्या जेवण. मग आखाड्यावर जागल सुरू होते. बॅटरी, फटाके, डबे बडवणं, गोफण, घरातल्या बायकांच्या जुन्या साड्या धुऱ्यावर ताणून बांधणं आणि ज्याला परवडेल त्याला सौरऊर्जेवरचं झटका मशीन. आमच्या गड्याचं अर्धं आयुष्य रोह्यांना हाकलण्यात गेलं आहे. आणि मी, त्याचा मालक, त्याच रोह्यांच्या लांबच्या भावकीला बघायला काही लाख रुपये मोजून समुद्रापार निघालो होतो. त्याने माझ्या बायकोला एवढंच विचारलं, "बाई, गुर्जीला आपले दिसत न्हाईत का?"

नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबई आणि मुंबईहून विमानाने नैरोबी. दोन्हींत बायकोने शेंगदाण्याची चटणी काढली, पण लोक फक्त विमानातच वळून बघत होते. ऑगस्ट महिना. विषुववृत्तावरचा देश म्हणून आमच्या सहलीतल्या सगळ्यांनी टोप्या आणि सुती कपडे आणले होते. नैरोबी समुद्रसपाटीपासून सोळाशे-सतराशे मीटर उंचीवर आहे, हे तिथे उतरून दात वाजायला लागल्यावर कळलं. विषुववृत्तावर कानटोपी घालून काढलेले आमचे फोटो गावात अजून कुणी खरे मानत नाही.

शहर मागे पडलं की रस्ता एकदम कड्याच्या टोकाला येतो आणि खाली ग्रेट रिफ्ट व्हॅली पसरलेली दिसते. इथे आफ्रिका खंड दुभंगत चाललंय, वर्षाला काही मिलिमीटर. एवढी मोठी फूट आणि इतक्या शांतपणे! आमच्याकडे भावाभावांची वाटणी याहून पुष्कळ वेगाने आणि पुष्कळ आवाजात होते. धुक्याखाली मऊ हिरवं पिवळं खोरं, मधेच एखादा विझलेला ज्वालामुखी, आणि कड्यावर मेंढीच्या कातड्याच्या टोप्या विकणारे लोक. बायकोने टोपी घेतली. निसर्गापुढे माणूस नम्र होतो म्हणतात, आमची मंडळी भाव करत होती.

नैवाशा सरोवराच्या काठी मुक्काम होता. दिवसा पाणघोडे पाण्यात डोळे आणि कान तेवढे वर ठेवून पडलेले असतात. होडीतून बघताना ते निरुद्योगी आणि गरीब वाटतात. रात्री मात्र ते चरायला काठावर येतात, आणि आमच्या हॉटेलची हिरवळ त्यांना फार पसंत होती. म्हणून जेवणघरातून खोलीपर्यंत एकटं जायचं नाही, बॅटरी घेतलेला राखणदार सोबत येणार, अशी सक्त ताकीद. मी त्या राखणदाराकडे बघत राहिलो. अंगात जाड कोट, हातात काठी, बॅटरीचा झोत झुडपांवर फिरवायची तीच सवय, मधेच थांबून कान देण्याची तीच लकब. ही जागलच होती, फक्त राखायचं पीक म्हणजे आम्ही. हिरवळीच्या पलीकडे तारांचं कुंपण होतं आणि त्यातून ठराविक अंतराने टिक टिक आवाज येत होता. "झटका मशीन," मी बायकोला म्हणालो. परदेशात ओळखीचं कुणीतरी भेटल्याचा आनंद झाला. ती म्हणाली, "अहो, हात नका लावू."

दुसऱ्या दिवशी हेल्स गेट. केनियातल्या या राष्ट्रीय उद्यानात सायकलवरून फिरता येतं. सिंह नाहीत, म्हणून ही सूट. दोन्ही बाजूंना तांबूस कडे, मधून धुळीचा रस्ता, आणि हाकेच्या अंतरावर झेब्रे चरताहेत. आयुष्यभर शाळेत सायकलने गेलो, पण कुणी झेब्रा मान वर करून बघतो आहे अशा थाटात कधी पायडल मारलं नव्हतं. एवढ्यात गवतातून वॉर्टहॉग निघाला. रानडुकराचाच आफ्रिकी भाऊ, सुळे बाहेर, तोंडावर फोडांसारखे उंचवटे. माझे पाय आपोआप थांबले. आमच्याकडे रानडूक समोर आलं तर सायकल टाकून झाडावर चढतात. पण बरोबरच्या पुणेकर बाई "किती गोड!" असं ओरडून मोबाइल काढत होत्या. वॉर्टहॉगने शेपूट काठीसारखं ताठ उभं केलं आणि सगळं कुटुंब ओळीने पळालं. पोरांची शेपटंही तशीच उभी. गोड होतं खरं. माझ्या भुईमुगात नव्हतं म्हणून गोड होतं, हे बाईंना कसं समजावणार?

मसाई माराच्या वाटेवर नारोक लागतं. त्याच्या आजूबाजूला गव्हाची मैलोन्‌मैल शेतं. आम्हाला नेणारा ड्रायव्हर पाहुण्यांना सिंहाच्या गोष्टी सांगायच्या तयारीत होता. मी त्याला विचारलं, झेब्रे गव्हात शिरतात का? त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. बहुधा हा प्रश्न त्याला पाहुण्यांकडून अपेक्षित नव्हता. मग तो जो सुटला तो फाटक येईपर्यंत थांबला नाही. झेब्रे शिरतात, हत्ती तर शिरतातच, आणि हत्तीला साडी दाखवून उपयोग नसतो. बाकीची मंडळी कंटाळून झोपली. प्रवासात इतकी मनमोकळी बैठक मला दुसरी मिळाली नाही.

माराच्या फाटकावर जुलै ते डिसेंबर परदेशी पाहुण्याला दिवसाला २०० डॉलर पडतात. एवढे पैसे घेऊन ते आपल्याला जनावरं गवत खाताना दाखवतात. हे मी उपरोधाने म्हणत नाही. साधारण दीड हजार चौरस किलोमीटरचं ते माळरान, त्याला लागून टांझानियाचं त्याहून कितीतरी मोठं सेरेंगेटी, आणि त्यातून वर्षभर गोल फिरणारी तेरा लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट, बरोबर दोनेक लाख झेब्रे. पाऊस जिकडे, गवत तिकडे, आणि गवत जिकडे तिकडे ही सगळी वरात. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिण सेरेंगेटीत काही आठवड्यांत लाखो वासरं जन्मतात आणि थोड्याच वेळात आयांबरोबर पळू लागतात. पुढे दोन देशांची सरहद्द ओलांडून ती केनियात येतात. पासपोर्ट नाही, पिवळं पुस्तक नाही. आमच्याकडच्या टिपेश्वरचा एक वाघ २०१९ मध्ये असाच गळ्यात रेडिओ पट्टा घेऊन निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणाची शेतंरानं तुडवत, सुमारे ३,००० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पट्टा काढून घेतला असता तर तो कुणाला कळलाही नसता. आम्ही मात्र हिमायतनगरहून निघालो ते साऱ्या गावाला कळवून.

मारा नदीच्या काठावर आम्ही अर्धा दिवस बसलो. पलीकडच्या काठावर हजारोंचा कळप गोळा झाला होता, आणि अलीकडे आम्ही, तितक्याच उत्सुक गाड्यांतून. पाण्यात मगरी. कळप उतारापर्यंत येतो, पुढची रांग पाण्याचा वास घेते, मागची ढकलते, आणि एवढ्यात कुठे पाखरू फडफडलं की सगळे परत. ग्रामसभेत पहिला हात कोण वर करतो याची जशी वाट बघतात, तसं चाललं होतं. ड्रायव्हर म्हणाला, यांना पलीकडे जायचं असतं, पण पहिलं कुणालाच व्हायचं नसतं. मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटू लागली.

मग कुठून कोण जाणे, एकाने उडी टाकली. पुढे जे झालं ते डोळ्यांत मावलं नाही. धूळ, पाणी, हंबरण्याचा एकच अखंड घोगरा आवाज, एकमेकांच्या पाठीवर पडणारी शरीरं. उभा काठ चढताना घसरणारी वासरं, पुन्हा चढणारी, पुन्हा घसरणारी. आमच्या गाडीत कुणी बोलेना. पुणेकर बाईंनी मोबाइल खाली ठेवला होता. मगरींनी एक नेलं. पण मगरी ज्यांना खातात त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त वाइल्डबीस्ट बुडून मरतात. शास्त्रज्ञांनी पंधरा वर्षांच्या नोंदींवरून काढलेला आकडा वर्षाला सरासरी ६,२५० चा आहे. त्यांच्यावर गिधाडं जगतात, मासे जगतात, आणि हाडं वर्षानुवर्षं नदीच्या तळाशी विरघळत राहतात. त्या अर्ध्या तासात मला सोयाबीन आठवलं नाही, हे मी गड्याला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी मुक्कामावर एका मसाई तरुणाशी बोलणं झालं. लाल शुका पांघरलेला, कमरेला मोबाइल. मी त्या कळपांचं भारावून कौतुक केलं. त्याने सभ्यपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमची गुरं त्यांच्यामुळे मरतात. वाइल्डबीस्टच्या वासरांकडून एक विषाणू गाईंना लागतो आणि लागलेली गाय सहसा वाचत नाही. म्हणून त्यांच्या विणीच्या काळात मसाई आपली गुरं चांगलं गवत सोडून लांब नेतात. शिवाय गवत खातात ते वेगळंच. म्हणजे जगातला सगळ्यांत मोठा निसर्गसोहळा ज्याच्या दारातून जातो, त्याच्या लेखी तेही रोहीच.

फरक एवढाच की तिथे राखीव जंगलाच्या भोवती मसाईंनी आपल्या जमिनी एकत्र करून भाड्याने दिल्या आहेत. जनावरांना फिरू द्यायचं, कुंपण घालायचं नाही, आणि दर महिन्याला जमीनमालकाला ठरलेली रक्कम मिळते. पैसे पुरतात का, असं विचारलं तर तो हसला. शेतकऱ्याचं हे हसू मला भाषांतराशिवाय कळतं. मग त्याने रिचर्ड टुरेरेची गोष्ट सांगितली. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेला कुंपण नाही, तिथे हा मसाई मुलगा राहायचा. रात्री सिंह येऊन गोठ्यातली गुरं न्यायचे. पोराने बघितलं की बॅटरी घेऊन कुणी फिरत असलं की सिंह येत नाहीत. मग अकरा वर्षांच्या त्या पोराने गाडीची जुनी बॅटरी, सौर पट्टी आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा डबा जोडून असे दिवे लावले की कुणीतरी फिरतंय असा सिंहाला भास व्हावा. जागल करणाऱ्याशिवाय जागल! २०१३ साली त्याने ही गोष्ट टेडच्या व्यासपीठावरून साऱ्या जगाला सांगितली. हे मी त्याच रात्री गड्याला फोनवर सांगितलं, सोबत नदीचा व्हिडिओही पाठवला. दिव्यांचं तो काही बोलला नाही. व्हिडिओ बघून म्हणाला, "गुर्जी, येवढे रोही! कुनाच्या वावरात चालले हे?"

परत आल्यावर अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. फोटो बघून तो चेकाळला होता. "मामा, केनियाला कशाला गेलात, टेक्सासला यायचं! इकडे आपले खरे रोही आहेत." मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच आहे. दक्षिण टेक्सासातल्या किंग रँच नावाच्या अवाढव्य कुरणात शंभरेक वर्षांपूर्वी नीलगाई नेऊन सोडल्या. त्या तिथे मस्त रुजल्या, कुंपणं ओलांडून पसरल्या, आणि आता हजारोंनी आहेत. त्यांची शिकार करायला मिळावी म्हणून लोक रँचवाल्यांना चांगले पैसे भरतात. आमच्या भावकीतलं कुणी अमेरिकेला जायच्या कितीतरी आधी रोही तिथे स्थायिक झाले होते.

गडी फाटकाशी उभा राहून ऐकत होता. फोन स्पीकरवर होता. थोडा वेळ त्याने मनात हिशेब केला आणि मला हाताने खूण करून म्हणाला, "त्यायला इचारा, आनखी सात लागतात का. भाडं आपन देऊ."