साहित्य : घरात असेल ते

आश्विन लागला की मासिकं, पुरवण्या आणि कॅलेंडरांच्या पाठी एका सुरात सांगू लागतात : ऋतू बदलला, आता ऋतूला साजेसं, सोपं आणि खिशाला परवडणारं काहीतरी करा. माझी हरकत नाही. निवृत्तीनंतर संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला. बायकोच्या निवृत्तीला अजून अवकाश आहे, हे तिने मला अतिशय प्रेमाने, पण एकदाच सांगितलं. त्यामुळे असा सल्ला मला हवाच असतो. अडचण एवढीच की माझी उभी नोकरी लेखा विभागात गेली. जमा आणि खर्च जुळला नाही की मला झोप लागत नाही, आणि या पाककृतींचा हिशेब कुठल्याच बाजूने जुळत नाही.

सुरुवात ऋतूपासूनच करू. पाककृतीशेजारच्या फोटोत लाकडी टेबल असतं, त्यावर पिवळी-तांबडी वाळकी पानं पसरलेली असतात, कोणाचा तरी लोकरी मफलर चुकून राहिलेला असतो आणि वाडग्यात भोपळ्याचं नारिंगी सूप. खाली लिहिलेलं असतं, ‘थंडगार हवेत ऊब देणारं.’ आमच्याकडे पानगळ होते ती शिशिरात आणि फाल्गुनाच्या आगेमागे. आश्विनात झाडं नुकतीच पावसात न्हाऊन हिरवीगार उभी असतात, आणि त्यांच्याखाली आपण ऑक्टोबर हीटमध्ये उभे असतो. ठाण्यात दुपारी पारा चौतीस-पस्तिसाला जातो. स्वयंपाकघरात पंखा लावावा तर गॅसची ज्योत फडफडते आणि बंद करावा तर चष्मा नाकावरून कढईत उतरू पाहतो. ऊब हा या महिन्यात आम्हाला फुकट मिळणारा एकमेव जिन्नस आहे. तिच्यासाठी वेगळं सूप करायची गरज पडत नाही.

मग मी विचार केला की हे फोटोवाले सोडावेत आणि जुन्या शास्त्राला धरून चालावं. शास्त्राला तरी आपल्या ऋतूची कल्पना असणार. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त शरदाची चर्या दिली आहे. पावसाळ्यात साठलेलं पित्त या ऋतूत उसळतं, म्हणून तांदूळ, मूग, आवळा, मध आणि पटोल खावं. पटोल म्हणजे आपलं पडवळ, असं आमचे वैद्य सांगतात. वर्ज्य काय, तर दही, तेल, ऊन, दुपारची झोप आणि पोटभर जेवण. यादी वाचून मी पुस्तक मिटलं. या ऋतूत दसरा येतो, कोजागिरी येते, दिवाळी येते, आणि वर्ज्य काय तर तेल आणि पोटभर जेवण. दुपारची झोप काढून घेतल्यावर निवृत्त माणसाकडे राहतं काय, याचा वाग्भटांनी विचार केलेला दिसत नाही. त्यांच्या काळी पेन्शन नसावी.

तर भोपळा. लाल भोपळा स्वस्त, टिकाऊ, पौष्टिक आणि हंगामातला, हे मी मान्य करतो. ‘भोपळ्याची साल काढून किसून घ्या’ हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांच्या घरी कोणी तरी सुतार असावा. भाजीवाल्या मावशी त्याची फोड करून देतात तेव्हा कोयत्यासारखा सुरा दोन्ही हातांनी दाबतात आणि तोंडाने काही तरी पुटपुटतात. घरी आणलेली फोड ओट्यावर स्थिर राहत नाही. साल सोलायच्या सोलण्याला ती दाद देत नाही आणि सुरीला देते तेव्हा सालीबरोबर निम्मा गरही जातो. उरलेला किसणीवर घेतला की शेवटचा बोटभर तुकडा किसावा की बोट वाचवावं, हा प्रश्न उरतो. मी तो तुकडा खाऊन टाकतो. कच्चा भोपळा चांगला लागत नाही.

यानंतर घारगे. कीस आणि गूळ मंद आचेवर शिजवा, निवल्यावर ‘मावेल तेवढी कणीक’ घाला. हे वाक्य मी नोकरीत कोणाच्या टिपणीत पाहिलं असतं तर फाइल परत पाठवली असती. खर्चाला कमाल मर्यादा नाही, मंजुरी कोणाची ते नाही. भोपळ्याला पाणी सुटतं, गूळ त्याला साथ देतो आणि कणीक मावतच राहते. पातेलं पुरेना म्हणून परात काढावी लागते, आणि पाव किलोच्या फोडीतून अख्ख्या मजल्याला पुरतील इतके घारगे होतात. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं दिली, तेव्हा महाराष्ट्रातल्या कित्येक नव्या सुनांचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांनी मावेल तेवढीच कणीक मागणाऱ्यांनी ते पुस्तक एकदा उघडून बघायला हवं.

शिवाय घारगे तळायचे असतात. तेल हे पाककृतीच्या साहित्यात ‘तळणीसाठी’ एवढ्याच शब्दांत उरकलेलं असतं. जणू ते नळाला येतं. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. २०२४च्या सप्टेंबरात, नवरात्राच्या तोंडावर, कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. सोयाबीन पिकवणाऱ्याला भाव मिळावा म्हणून ते केलं होतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. मे महिन्यात मी काहीच तळत नव्हतो.

तळण नको म्हणून पिठलं करावं. पिठल्याइतकं गरिबीचं दुसरं काही नाही, असं पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. आता साहित्य वाचा : बेसन एक वाटी, कांदे तीन मोठे. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो, कांदाचाळीत साठवतात आणि आश्विनापर्यंत तो सरत, कोंब फुटत, सडत आलेला असतो. नवा लाल कांदा तेव्हा शेतात परतीच्या पावसाकडे बघत उभा असतो. म्हणून नेमका याच दिवसांत भाव चढतो. हे लासलगावपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे सरकारं याची धास्ती घेतात. पाककृती लिहिणाऱ्यांना मात्र कोणी कळवलेलं दिसत नाही. आणि शेवटी, ‘वरून भरपूर कोथिंबीर भुरभुरावी.’ परतीच्या पावसाने कोथिंबिरीचा चिखल केलेला असतो. मावशींकडे जुडी चाळीस रुपयांना होती. बेसन, मोहरी, हळद आणि गॅस धरूनही माझं पिठलं तिच्याहून स्वस्त होतं. मी म्हटलं, “मावशी, पूर्वी कोथिंबीर भाजीवर फुकट मिळायची.” त्या म्हणाल्या, “मंग पेन्शन बी पूर्वीचीच घेता का काका?” मागे रांगेत ओळखीचे लोक होते.

वेळेचा हिशेबही असाच. ‘पंधरा मिनिटांत तयार’ हे घड्याळ कुठून सुरू होतं, ते कोणी सांगत नाही. डाळ आदल्या रात्री भिजलेली असते, नारळ खोवलेला असतो, दाण्याचं कूट झालेलं असतं, लसूण सोललेला असतो. लसूण सोललेला असतो या तीन शब्दांत माझी अर्धी संध्याकाळ गेलेली आहे. पंधरा मिनिटांत होतं ते फक्त गॅस पेटवणं आणि बायकोने येऊन “अजून झालं नाही का हो?” विचारणं.

उपवासाचं मी थोडक्यात सांगतो, कारण नऊ दिवसांत त्यावर बोलायला त्राण नसतं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची आणि राजगिरा ही सगळी मंडळी मुळात अमेरिका खंडातली. ती उपवासाला चालतात, पण ज्वारी चालत नाही. कोजागिरीचं ‘साधं मसाला दूध’ही साहित्यात दूध आणि साखर येईपर्यंतच साधं असतं. पुढच्या ओळीत केशर, पिस्ते, चारोळी. कंसात ‘ऐच्छिक’. फोटोत मात्र ते सगळं घातलेलं असतं, आणि घरचे तुलना फोटोशी करतात.

एका पदार्थावर मात्र माझा आक्षेप नाही, हे न्यायबुद्धीने नोंदवलं पाहिजे. खरिपाच्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा याच दिवसांत येतात. धुवायच्या, मिठाच्या पाण्यात घालून कुकरला लावायच्या, संपलं. किसायचं नाही, भुरभुरायचं नाही, ऐच्छिक काही नाही. शेंग दाबली की मिठाचं गरम पाणी शर्टावर उडतं आणि टरफलांचं ताट कोणी उचलत नाही, एवढाच दोष. पण हा पदार्थ मासिकात येत नाही. एका ओळीच्या पाककृतीला पान कोण देणार?

राहिलं पडवळ. शास्त्रसंमत, हंगामातलं आणि मावशींकडच्या सगळ्या भाज्यांत स्वस्त. वीस रुपयांना हातभर मिळतं. पिशवीत मावत नाही म्हणून लिफ्टमध्ये ते बाहेर डोकावत असतं आणि लोक माझ्याकडे सहानुभूतीने बघतात. उभं चिरलं की आत ओल्या कापसासारखा गर निघतो, तो बोटाने ओढून काढायचा, चकत्या करायच्या, भिजलेली चणाडाळ घालून वाफेवर शिजवायच्या. वर ओलं खोबरं. तिखट बेताचं. माझ्या मते भाजी उत्तम झाली होती. बायकोने एक घास घेतला आणि म्हणाली, “चांगली आहे, उद्या डब्यात नेते.” आमच्या घरात नाकारण्याची ही सर्वांत सभ्य पद्धत आहे. चिरंजीवांनी झाकण उघडलं, परत ठेवलं आणि मोबाइल काढला. अर्ध्या तासाने दारात बिर्याणी आली. पैसे मी दिले, कारण दार मी उघडलं.

रात्री वही लिहायला बसलो. पडवळ वीस रुपये. डाळ, खोबरं, फोडणी मिळून पंचवीस धरू. बिर्याणी, तिचं पोहोचवण्याचं शुल्क आणि त्यावरचा कर मिळून चारशे बारा. हे सगळं पडवळामुळे झालं असल्याने मी ते पडवळाच्याच नावे टाकलं, आणि त्या महिन्यात आमच्या घरी शिजलेली ती सर्वांत महाग भाजी ठरली. बायको म्हणते, “अहो, असा हिशेब कोणी लिहीत नाही.” पण खर्च ज्या कारणाने झाला त्याच सदरात तो दाखवायचा असतो, हा लेखा विभागाचा नियम आहे आणि तो मी मोडणार नाही.

म्हणून सर्व पाककृती-लेखकांना आणि लेखिकांना विनंती, की स्वस्त आणि सोप्या पदार्थांच्या साहित्यात यापुढे शेवटची एक ओळ वाढवावी : बिर्याणी, एक. ती ‘ऐच्छिक’ लिहू नये.