गाणं काढलंत, निदान सांगा तरी

जुनी अमेरिकन मालिका डीव्हीडीवर किंवा स्ट्रीमिंगवर पुन्हा बघायला घ्यावी आणि ओळखीच्या प्रसंगात भलतंच गाणं कानावर पडावं, याचा मला मनापासून राग येतो. तक्रार छोटी आहे, पण रास्त आहे. चित्र तेच, संवाद तेच, आणि मागे कुठलीशी गिटार वाजत राहते. गाणं बदललंय, असं सांगणारी एक ओळसुद्धा पडद्यावर नसते.

‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ घ्या. सीबीएसवर १९७८ ते १९८२ या काळात चाललेली ही मालिका एका डबघाईला आलेल्या रेडिओ स्टेशनची. डीजे तिथल्या मुख्य पात्रांत होते, त्यामुळे तबकडीवर काय वाजतंय हा कथेचाच भाग होता. थँक्सगिव्हिंगच्या गाजलेल्या भागात मॅनेजर स्टुडिओत शिरतो, पिंक फ्लॉइडची तबकडी चालू असते, आणि गाण्यात कुत्री भुंकताहेत की काय अशी त्याला शंका येते. पुढच्या आवृत्त्यांत हा तुकडाच कापला गेला. काही ठिकाणी संवादाच्या मागचं गाणं वेगळं काढता येईना, म्हणून मिळत्याजुळत्या आवाजाच्या नटांकडून संवाद पुन्हा डब करून घेतले. म्हणजे गाणं तर गेलंच, वर नटाचा आवाजही गेला.

कारण साधं आहे. त्या काळी परवानगी घेतली ती टीव्हीवर दाखवण्यापुरती आणि ठरावीक वर्षांपुरती. घरोघरी डीव्हीडी येतील, हे करारात कोणी लिहिलं नाही. मुदत संपली की परवान्याचा भाव नव्यानं ठरतो, आणि तो एकदा नव्हे, दोनदा ठरतो: शब्द आणि चाल यांचा प्रकाशकाशी, ध्वनिमुद्रणाचा रेकॉर्ड कंपनीशी. ‘द वंडर इयर्स’ स्ट्रीमिंगवर आली तेव्हा शीर्षकगीत लेनन-मॅकार्टनीचंच राहिलं, पण जो कॉकरचा आवाज गेला. तेच शब्द, तीच चाल, गळा परका. मालिका ज्यांच्या लहानपणात मुरलेली आहे, त्यांना पहिल्या दोन शब्दांतच हे कळतं.

यावर ‘गीतकारांचा लोभ’ असं सर्रास म्हटलं जातं, तेव्हा माझा राग दुप्पट होतो. गाणं काढलं की सर्वांत आधी नुकसान होतं ते लिहिणाऱ्याचंच. प्रत्येक भागाची एक क्यू शीट असते: कोणतं गाणं, किती सेकंद, कोणी लिहिलेलं, प्रकाशक कोण. एस्कॅप किंवा बीएमआय या संस्था त्यावरून गीतकाराला पैसे देतात. त्या कागदावरून नाव गेलं की प्रक्षेपणाचं मानधनही थांबतं. पॉला कोलचंच बघा. ‘डॉसन्स क्रीक’चं शीर्षकगीत तिनं लिहिलेलं, तिनंच गायलेलं. तरी नेटफ्लिक्सवर मालिका दुसऱ्याच गाण्यानं सुरू होऊ लागली. शेवटी तिनं गाणं नव्यानं ध्वनिमुद्रित केलं, या वेळी मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, स्वतःच्या मालकीचं ठेवून, आणि २०२१मध्ये ते परत आलं. आपलंच गाणं आपल्याच जागी आणायला बाईला पुन्हा स्टुडिओत उभं राहावं लागलं!

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनं चित्रपटगीतांच्या लेखक-संगीतकारांचा मानधनातला हिस्सा निर्मात्याच्या नावे लिहून देता येणार नाही, अशी तरतूद झाली. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, ते योग्यच केलं. पण हिस्सा मिळतो तो गाणं वाजलं तर. काढून टाकलेल्या गाण्याचा हिस्सा कुठून येणार?

सगळी गाणी परत आणा, असा हट्ट मी धरत नाही. खर्च खरा आहे, आणि मनावर घेतलं तर बरंच जमतं, हेही खरं आहे: २०१४ साली ‘डब्ल्यूकेआरपी’ आणि ‘वंडर इयर्स’ या दोन्ही मालिकांचे डीव्हीडी संच बहुतेक मूळ संगीतासह निघाले. माझी मागणी एवढीच आहे. संगीत बदललं की त्याची यादी कुणाच्या तरी टेबलावर तयार असतेच. ती प्रत्येक भागाच्या श्रेयनामावलीत टाका: इथे मूळ गाणं कोणतं होतं, कोणी लिहिलं होतं, आणि त्याऐवजी काय घातलंय. आणि ती अक्षरं वाचता येतील इतका वेळ पडद्यावर ठेवा.